सोंडेवरची आग किरकोळ नव्हती

प्रति,
माननीय उपवनसंरक्षक महोदय आणि जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे सर्व सदस्य यांस

विषय : डोंगरातील लहान वणव्यांकडे होणारे दुर्लक्ष आणि पहिल्या तासात आग विझवण्याची व्यवस्था उभी करण्याबाबत.

महोदय,

गेल्या फेब्रुवारीत आमच्या गावावरच्या डोंगराच्या सोंडेला लागलेल्या वणव्याबाबत मी मार्चमध्ये अर्ज केला होता. त्याचे उत्तर मला या आठवड्यात मिळाले. उत्तर एका परिच्छेदाचे आहे. आग गवताळ भागात लागली होती, ती किरकोळ स्वरूपाची होती, मोठ्या झाडांचे नुकसान झालेले नाही आणि म्हणून अर्ज निकाली काढण्यात येत आहे, असा त्याचा आशय आहे. त्यातला ‘किरकोळ’ हा शब्द मला गप्प बसू देत नाही. तो माझ्या एकटीच्या अर्जापुरता नाही, डोंगरातल्या बहुतेक आगींची नोंद याच शब्दाने बंद होते, हे ठाऊक असल्यामुळे हे पत्र मी आपल्याला उघडपणे लिहीत आहे.

जिल्ह्याचे आणि तालुक्याचे नाव मी मुद्दाम लिहिलेले नाही. कोणा एका अधिकाऱ्याला किंवा कर्मचाऱ्याला चव्हाट्यावर आणण्याचा माझा हेतू नाही. नाशिकपासून सिंधुदुर्गापर्यंत सह्याद्रीच्या धारेवरच्या कोणत्याही गावाला हे पत्र आपलेच वाटेल, याची मला खात्री आहे.

पावसाळा आता संपला आहे. सड्यावरची सोनकी ओसरली. कुसळी गवत कमरेएवढे वाढले असून त्याचा हिरवा रंग तांबूस होऊ लागला आहे. अजून दीड-दोन महिन्यांनी ते एका काडीसरशी पेट घेईल इतके वाळलेले असेल. म्हणजे जे काही करायचे त्यासाठी आपल्याकडे आणि आमच्याकडे एवढेच दिवस आहेत.

माझा या गोष्टीशी संबंध काय, ते आधी सांगते. मी एकतीस वर्षे माध्यमिक शाळेत भूगोल शिकवला. आता निवृत्त होऊन सासरच्या गावी, डोंगराच्या कुशीतच राहते. वनहद्दीला लागून आमच्या मालकीचा एक उताराचा तुकडा आहे आणि त्यावर हिरड्याची त्रेचाळीस झाडे आहेत. उन्हाळ्यात माझ्या सासूबाई अजूनही बाळहिरडा वेचतात, वाळवतात आणि त्याचे जे पैसे येतात त्यावर त्यांचे स्वतःचे औषधपाणी चालते. परंतु हे पत्र मी हिरड्यासाठी लिहीत नाही, किंवा केवळ त्यासाठी लिहीत नाही. त्या संध्याकाळी सोंडेवर आग विझवायला जे अकरा जण चढले, त्यांतील सात माझे विद्यार्थी होते आणि “जा रे बाळांनो, वर जाऊन बघा” असे त्यांना मीच म्हटले होते. त्यांच्या पायात रबरी चपला होत्या. हातात जांभळीचे डहाळे होते. पहाटे ते खाली येईपर्यंत मी अंगणात उभी होते, आणि यांतला एखादा परत आला नाही तर त्याच्या आईला काय सांगायचे, याखेरीज दुसरा विचार माझ्या मनात आला नाही.

आता त्या दिवसाचा क्रम सांगते. पावणेचारच्या सुमारास घाटरस्त्याच्या वळणावर धूर दिसला. धूर पांढरा होता, म्हणजे नुसते गवत पेटले होते. त्या वेळी आग आमच्या शाळेच्या पटांगणाएवढी असेल, फार तर त्याहून थोडी मोठी. चार माणसे, आग झोडपून विझवायची चार झोडपणी आणि पालापाचोळा उडवणारे एक हवेचे यंत्र, म्हणजे ब्लोअर, तेथे असता, तर अर्ध्या तासात काम संपले असते. मी लगेच आमच्या बीटच्या, म्हणजे एका वनरक्षकाकडे सोपवलेल्या वनक्षेत्राच्या, गार्ड मॅडमना फोन केला. त्यांनी पहिल्याच घंटीला फोन उचलला, हे मला आवर्जून नोंदवायचे आहे. त्या मात्र आपल्या बीटच्या दुसऱ्या टोकाला होत्या आणि रस्त्याने ते अंतर बावीस किलोमीटर भरते. सोबत घ्यायला मजूर नव्हते, कारण वणव्याच्या हंगामासाठीचे मजूर अजून कामावर घेतलेलेच नव्हते. स्वतःच्या मोटारसायकलवर त्या एकट्या सव्वासहाला पोहोचल्या. तालुक्याहून निघालेला अग्निशमनाचा बंब सातनंतर आला आणि रस्त्यावरच उभा राहिला, कारण त्याचा पाइप रस्त्यापासून जेमतेम पहिल्या टेकाडापर्यंत पोहोचत होता आणि आग तोवर सोंड ओलांडून गेली होती.

सातच्या पुढे आगीने कारवीत तोंड घातले. कारवी काही वर्षांच्या खंडाने एकदम फुलते, बी धरते आणि मरते, आणि मेलेली झुडपे वर्षानुवर्षे उभीच्या उभी वाळत राहतात, हे आपल्याला सांगायला नको. आमच्या पदरातली, म्हणजे डोंगराच्या मधल्या टप्प्यावरची, कारवी अशी फुलून वाळलेली होती. उकळत्या तेलात मोहरी पडावी तसा तडतडाट होत होता, मात्र तो पुरुषभर उंचीचा आणि साऱ्या उतारभर. तेथे डहाळ्यांनी काही होण्यासारखे नव्हते. मुले मागे हटली. शेजारच्या तात्यांच्या भुवया आणि पुढचे केस भाजले, दोघांच्या चपलांचे तळ मऊ होऊन पायाला चिकटले. रात्री अडीचच्या सुमारास आग वरच्या कड्याला जाऊन भिडली आणि दव पडू लागल्यावर तेथेच बसली. ती कोणी विझवली नाही. तिला पुढे खायला काही उरले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंना घेऊन मी वर गेले. पदरातल्या रानात जमिनीवर राखेच्या लांब पांढऱ्या रेघा होत्या, सरळ, हातभर रुंद. प्रथम मला त्या कशाच्या ते कळेना. मग लक्षात आले की, जेथे पडलेली जुनी झाडे कुजत होती आणि ज्यांच्या खाली विंचू, गांडुळे, बेडूक, पालीसरडे राहत होते, ती आख्खी खोडे जळून त्यांची तेवढी खूण उरली आहे. सासूबाईंनी आमच्या हिरड्याच्या बुंध्याला तळवा लावला. सकाळचे नऊ वाजले होते आणि साल अजून कोमट होती. झाडे उभी होती, हे खरे आहे. पंचनाम्यातही तेच लिहिले गेले. त्या उन्हाळ्यात मात्र त्रेचाळीस झाडांचा मिळून एक पोतेही हिरडा झाला नाही.

माझा सर्वांत मोठा आक्षेप येथेच आहे, म्हणून त्याबद्दल जरा विस्ताराने लिहिते. आपल्या पंचनाम्याला उभे झाड दिसते आणि नसलेले रोप दिसत नाही. जमिनीलगत सरकणाऱ्या आगीतून ऐनासारखे जाड सालीचे मोठे झाड बहुधा तगून जाते. परंतु त्याच्या सावलीत उगवलेले गुडघाभर उंचीचे हिरडा, जांभूळ, अंजन, बेहडा यांचे रोप तगत नाही. ते मुळातून पुन्हा फुटते, तोवर पुढच्या वर्षीची आग येते आणि ते पुन्हा जळते. अशी आग दरवर्षी लागत राहिली की, वीस-पंचवीस वर्षांनी म्हातारी झाडे एकेक करून कोसळतात आणि त्यांच्या मागे त्यांची जागा घेणारे कोणीच नसते. त्या डोंगरावर एकही मोठा वणवा लागलेला नसतो. एकूण एक आग किरकोळ म्हणूनच नोंदलेली असते आणि जंगल मात्र गेलेले असते. आमच्या सोंडेच्या दक्षिण अंगाला माझ्या सासऱ्यांच्या लहानपणी दाट रान होते, असे ते सांगत. मी लग्न होऊन आले तेव्हा तेथे विरळ झाडी होती. आज तेथे कुसळीखेरीज काही नाही.

कुसळीचेच उदाहरण घ्यावे. तिच्या बियांना जे लांब कुसळ असते, ते ओल लागली की पीळ उलगडते, वाळले की पुन्हा पीळ भरते, आणि असे फिरत फिरत बी जमिनीत खुपसते. मातीखाली दडलेले हे बी वरून आग गेली तरी वाचते. जनावरांच्या आवडीची मऊ गवते मागे पडतात आणि आगीला सरावलेली कुसळी रान व्यापते. डोंगर जाळला की पावसाळ्यात चांगले गवत येते, अशी आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या समजूत आहे. राखेमुळे पहिल्या पावसाला हिरवा कोंब जोमदार दिसतो, एवढे खरे, पण तो कोंब बहुतेक करून कुसळीचाच असतो, आणि उघड्या पडलेल्या उतारावरची माती जूनच्या पहिल्या झोडपणाऱ्या पावसात ओढ्याला जाते. घाटमाथ्यावर पाच-पाच हजार मिलिमीटर पाऊस कोसळणारी ठिकाणे आहेत. त्या पावसाखाली बोडका डोंगर किती दिवस टिकेल? यंदा जूनमध्ये आमच्या पाणवठ्याला सलग आठ दिवस काळे पाणी आले. बायकांनी ते फडक्याने गाळून भरले.

दुसरा आक्षेप तारखेचा आहे. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम मानला जातो, त्यानुसार निधी येतो आणि त्यानुसार आगीवर नजर ठेवणारे हंगामी मजूर (फायर वॉचर) नेमले जातात. ज्या भागात पानगळीचे जंगल आहे आणि आग मुख्यतः पालापाचोळ्याला लागते, तेथे ही तारीख योग्य असेल. आमच्याकडे आधी जळते ते गवत, आणि ते डिसेंबरअखेर वाळून कोरडेठाक होते. जानेवारीत आमच्या डोंगरांवर रात्री आगीच्या माळा दिसतात, त्या घाटातून जाणाऱ्या प्रत्येक एसटीच्या खिडकीतून दिसतात. आमची आग हंगाम सुरू होण्याच्या आठवडाभर आधी लागली, म्हणून तिला विझवायला माणूस नव्हता. जाळरेषांचेही, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून मोकळ्या केलेल्या पट्ट्यांचेही, तसेच. वनहद्दीवरच्या जाळरेषेवरचे गवत डिसेंबरात, सकाळचे दव असताना, माणसे उभी करून कापले आणि जाळले तरच ती रेषा उपयोगाची. आमच्याकडे ते काम फेब्रुवारीच्या अखेरीस झाले. तोवर तिच्या दोन्ही अंगांचे रान जळून गेले होते. वरातीमागून घोडे म्हणतात, ते हेच.

तिसरा आक्षेप आग कळण्याच्या आणि पोहोचण्याच्या मधल्या वेळेबद्दल आहे. देहरादूनची भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था २००४ पासून उपग्रहांच्या साह्याने आगीच्या सूचना देते, आणि आता त्या बीटपर्यंतच्या तपशिलाने थेट मोबाइलवर येतात. ही सोय मोलाची आहे, हे मी मनापासून मान्य करते. परंतु ज्या उपग्रहावरचे ३७५ मीटरपर्यंतचा तपशील टिपणारे उपकरण या कामी सर्वाधिक उपयोगी पडते, तो आपल्यावरून साधारण दुपारी दीडच्या आणि रात्री दीडच्या सुमारास जातो. पावणेचारला पेटलेले शाळेच्या पटांगणाएवढे गवत त्याच्या नजरेस पडायचे तर आधी रात्र व्हावी लागते आणि आगीला तेवढे मोठे व्हावे लागते. त्या आधीच्या तासांत डोंगरावर डोळे असतात ते गुराख्याचे, सरपणाला गेलेल्या बाईचे, एसटीच्या कंडक्टरचे आणि माझ्यासारख्या अंगणात बसलेल्या बाईचे. वनखात्याचा १९२६ हा निःशुल्क क्रमांक आहे, पण आमच्या गावात एकाही भिंतीवर तो रंगवलेला नाही. मी शाळेत विचारले, एकाही मुलाला तो ठाऊक नव्हता.

डोंगरातल्या आगीत तासाचा अर्थ काय असतो, तेही येथे सांगितले पाहिजे, कारण मैदानातल्या आगीचा हिशेब तेथे चालत नाही. दिवसा उन्हाने तापलेली हवा उतारावरून वर चढते आणि आगीला आपल्याबरोबर वर ओढते. शिवाय वर जाणारी ज्वाळा पुढचे गवत आधीच भाजून ठेवते. उतार दहा अंशांनी वाढला की आगीचा वेग साधारण दुप्पट होतो, असा आग विझवणाऱ्यांचा ठोकताळा आहे. सूर्य मावळल्यावर वारा फिरतो, खाली वाहू लागतो, गारवा येतो आणि आग मंदावते. म्हणजे दुपारी चार ते संध्याकाळी सात हे तीन तासच निर्णायक असतात, आणि नेमके तेच तीन तास आपली यंत्रणा रस्त्यात असते.

चौथा आक्षेप मला सर्वांत अधिक बोचतो. भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम ७९ नुसार वनात हक्क असलेल्या आणि वनोपज घेणाऱ्या लोकांनी आगीची खबर देणे व ती विझवायला मदत करणे बंधनकारक आहे. हे बंधन आम्हाला मान्य आहे आणि कायद्यात नसते तरी आम्ही गेलोच असतो. परंतु ज्याला कायद्याने आगीसमोर उभे केले, त्याच्या पायात काय आहे हे पाहण्याची जबाबदारी कोणाची? आमच्या अकरा जणांपैकी एकालाही कधी प्रशिक्षण मिळालेले नाही. आगीच्या वरच्या अंगाला उभे राहू नये, घळीत शिरू नये, जळून गेलेल्या काळ्या जमिनीकडे परतीची वाट आधी ठरवून ठेवावी, अंगात सुती कपडे असावेत कारण नायलॉन वितळून कातडीला चिकटते, या गोष्टी शिकवायला अर्धा दिवस पुरतो. त्या ठाऊक नसल्या तर काय होते, हे देशाने पाहिलेले आहे. ११ मार्च २०१८ रोजी तामिळनाडूतील थेनी जिल्ह्यात, कुरंगणीच्या डोंगरात, गवताला लागलेल्या आगीत सापडून २० हून अधिक गिर्यारोहक गेले. तो डोंगर आपल्याच पश्चिम घाटाचा आहे. एप्रिल २०२१ मध्ये आपल्या राज्यातील नागझिऱ्यात आग विझवणारे हंगामी मजूर होरपळून गेले. जून २०२४ मध्ये उत्तराखंडातील बिनसर अभयारण्यात वनकर्मचारी गेले. आमच्या मुलांच्या हातात जांभळीचा डहाळा होता, आणि ती परत आली याचे श्रेय नशिबाखेरीज मला दुसऱ्या कशाला देता येत नाही.

पाचवी गोष्ट थोडक्यात सांगते. पेटलेली जागा वनाची, गायरानाची, मालकीची की बांधकाम खात्याच्या रस्त्याकडेची, यावर त्या रात्री आणि नंतरही बराच काथ्याकूट झाला. सह्याद्रीच्या उतारावर मालकीची जमीन थोडीथोडकी नाही. आग रस्त्याकडेला लागते, मालकी रानातून चढते आणि वनात शिरते. तिला सातबारा दाखवून थांबवता येत नाही, आणि हद्दीशी पोहोचल्यावरच आपले काम सुरू होते असे प्रत्येक खात्याने म्हटले, तर तोवर फार उशीर झालेला असतो. २०१८ च्या राष्ट्रीय वणवा कृती आराखड्यातही वनालगतच्या लोकांना सोबत घेऊन काम करण्यावर भर आहे. आमच्यापर्यंत त्यातला कागद पोहोचला, ना काम.

आता आमच्या बाजूचा दोषही सांगते, कारण तो झाकून मागण्या करणे मला प्रशस्त वाटत नाही. हे वणवे आभाळातून पडत नाहीत. फेब्रुवारीत आमच्याकडे वीज कडाडत नाही, त्यामुळे जवळजवळ प्रत्येक आगीमागे माणसाचा हात असतो आणि त्यातले अनेक हात आमच्याच गावांतले असतात. कोणी गवताच्या समजुतीने डोंगर पेटवतो, कोणी बांध जाळतो, कोणी ससे-डुकरे उठवायला काडी लावतो, कोणी भाजावळीच्या राबाला, म्हणजे पेरणीआधी शेतजमीन भाजण्यासाठी पसरलेल्या पालापाचोळ्याला, आग देऊन घरी जेवायला जातो. काही आगी भाऊबंदकीतून लागतात. काही किल्ल्यावर मुक्कामाला आलेली मंडळी न विझवलेल्या चुलीतून लावून जातात. गाव यावर बोलत नाही, कारण नाव घेतले की वैर येते. यापुढे ग्रामसभेत हा विषय नावाने नव्हे तरी जागेने आणि तारखेने मांडायचा, असे आम्ही काही बायकांनी ठरवले आहे. मात्र नुसता गुन्हा दाखल करण्याच्या धाकाने हे थांबत नाही, हेही मी इतकी वर्षे पाहते आहे. धाकाने एवढेच होते की, ज्याच्या राबाची आग हाताबाहेर जाते तो मदतीला हाक मारण्याऐवजी पळून जातो. त्याने हाक मारावी, असे वाटत असेल तर राब भाजण्याचे दिवस आधी ठरवून, दोन माणसे उभी करून, भाजणी करू देण्याची सोय असली पाहिजे.

या सर्वांवरून आमच्या मागण्या अशा आहेत.

गवताळ डोंगरांसाठी वणव्याचा हंगाम १५ डिसेंबरपासून धरावा, आणि हंगामी मजूर त्या तारखेला कामावर असावेत. हद्दीवरच्या जाळरेषा डिसेंबरअखेर साफ झालेल्या असाव्यात आणि झाल्याची नोंद ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावी. यासाठी निधीची तारीख बदलावी लागेल, तर ती बदलून घेण्यासाठी आपण वर लिहावे. आम्ही ग्रामसभेचा ठराव जोडून देऊ.

डोंगराच्या पायथ्याच्या आणि माथ्याच्या प्रत्येक गावात आठ-दहा जणांचे पहिले पथक असावे. त्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण द्यावे, आग विझवल्याच्या दिवसाची मजुरी द्यावी आणि त्यांचा विमा उतरवावा. लोखंडी दांड्याची झोडपणी, दोन ब्लोअर, चामडी बूट, सुती अंगरखे, डोक्याच्या विजेऱ्या आणि भाजल्यावरचे औषध एवढे साहित्य गावातच, शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या खोलीत, किल्ली कोणाकडे आहे हे सर्वांना ठाऊक असेल अशा रीतीने ठेवावे. तालुक्याच्या गोदामातला ब्लोअर पावणेचारच्या आगीला उपयोगी पडत नाही. पथकात बायकांनाही घ्यावे. दिवसा गावात असतात त्या बायका, पुरुष कामाला गेलेले असतात.

उपग्रहाची सूचना गार्डबरोबरच सरपंच, पोलीस पाटील आणि पथकाच्या दोघांच्या मोबाइलवर जावी. १९२६ हा क्रमांक प्रत्येक शाळेच्या, एसटी थांब्याच्या आणि मंदिराच्या भिंतीवर रंगवावा. भिंती आम्ही देतो, रंगही देतो. प्रत्येक आगीच्या नोंदीत चार वेळा लिहिल्या जाव्यात : धूर कधी दिसला, खबर कधी दिली, पहिला माणूस कधी पोहोचला आणि आग कधी विझली. या चार वेळा दर महिन्याला जाहीर कराव्यात.

हद्द कोणाचीही असो, आगीच्या पहिल्या चार तासांत तिची जबाबदारी एकाच नियंत्रण कक्षाकडे असेल, असा लेखी आदेश आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने काढावा. हद्दीचा हिशेब नंतर करता येईल.

गार्डची रिकामी पदे भरावीत आणि डोंगरी बीटमध्ये आगीच्या महिन्यांत एकट्या गार्डला कधीही पाठवू नये. त्या रात्री एकटी आलेली ती मुलगी आमच्या मुलांच्या बरोबरीने अडीचपर्यंत वर होती आणि सकाळी आठला पुन्हा पंचनाम्याला हजर होती. तिच्याकडून यापेक्षा अधिक अपेक्षा कोणी करू नये आणि तिला यापेक्षा कमी साधनांवर कोणी पाठवू नये.

पंचनाम्याचा नमुना बदलावा. गुडघ्याखालची रोपे, पडलेली खोडे, पाणवठे आणि वनोपज यांसाठी त्यात रकाने असावेत. जळालेल्या जागी लगेच खड्डे खणून नवी रोपे लावण्याऐवजी, मुळातून फुटणाऱ्या धुमाऱ्यांना तीन वर्षे आगीपासून आणि चराईपासून जपावे. वनहद्दीतले गवत दिवाळीनंतर गावकऱ्यांना कापून नेऊ द्यावे, कारण गोठ्यात गेलेले गवत डोंगरावर पेटत नाही.

आणि शेवटची मागणी माझ्या स्वतःच्या अर्जाची आहे. त्या उत्तरातला ‘किरकोळ’ हा शब्द काढून, आग किती वेळ जळली, किती क्षेत्र जळले आणि पहिला माणूस किती वेळाने पोहोचला, एवढे तीन आकडे लिहून मला नवे उत्तर पाठवावे.

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी सकाळी सात वाजता आम्ही गावातले वीस-बावीस जण सोंडेखाली, मारुतीच्या पाराशी जमणार आहोत. वनहद्दीवरची जाळरेषा आपल्या परवानगीशिवाय आम्हाला साफ करता येत नाही, म्हणून त्या परवानगीचा वेगळा अर्ज या पत्रासोबत जोडला आहे. विळे, कोयते, पाणी आणि भाकरी आम्ही आणू. परवानगीचा कागद घेऊन कोणीतरी यावे, आणि शक्य असेल तर आपण स्वतः यावे.

आपली विश्वासू,
डोंगराखालच्या गावातील एक निवृत्त शिक्षिका